दादाचे फ्लेक्स बेटावरून यायचे

मला यास्मीनचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुठं माझं बोलणं तिखट लागलं तर वाचणाऱ्याला कारण शोधत बसायला नको. संपादकांनी मला माझ्या धंद्याविषयी लिहायला सांगितलं होतं. लिहायला बसले, तर दुसऱ्या वाक्यापासूनच यास्मीन मधे मधे यायला लागली. एरवीही ती तशीच येते. मग म्हटलं, ये बाई, बस.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझं डीटीपीचं दुकान आहे. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लावायचा, फोटो बसवायचे आणि छपाईला पाठवायचं. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दशक्रियेची पत्रकं, दुकानांच्या पाट्या आणि अलीकडं मुख्यतः फ्लेक्स. आमच्या भागात कुठल्याही चौकात उभं राहून मान वर केलीत की जे हसरे चेहरे तुमच्याकडं बघतात, त्यांतले बरेचसे माझ्या हाताखालून गेलेले आहेत. कुणाचा तीळ काढलाय, कुणाला केस दिलेत, एकाला तर त्याच्या मेव्हण्याचा कोट घातलाय. कोट चांगला बसला होता. पुढं मेव्हण्याशी बिनसलं तेव्हा तोच माणूस कोट काढून द्या म्हणून आला.

बाहेरच्यांना वाटतं, फ्लेक्स करायला काय लागतं! सगळ्यात वर गोलांमधे मोठे नेते. त्यांचा क्रम चुकला तर तो फ्लेक्स सकाळी फाटलेला सापडतो आणि सगळे म्हणतात, वाऱ्यानं फाटला. मधे ज्याचा वाढदिवस तो माणूस, हात जोडून नाहीतर कानाला फोन लावून. त्याच्या पायाशी शुभेच्छुकांची रांग, आणि या रांगेत सगळी डोकी एका मापाची लागतात. न्हावऱ्याकडचे एक आप्पा फ्लेक्स लागल्यावर शिडी लावून वर चढले आणि आपलं नि शेजारच्याचं डोकं टेपनं मोजून आले. शेजारच्यानं फेटा बांधलेला होता. दुकानात येऊन त्यांनी मला विचारलं, "बाई, डोकं फेटा धरून मोजत्यात का फेटा सोडून?" मी म्हटलं, "आप्पा, मी कपाळापासून हनुवटीपर्यंत मोजते." त्यांना ते पटलं. पुढच्या वर्षी स्वतःच फेटा बांधून फोटो काढून आले.

पण डोकी बसवणं सोपं. अवघड असतो तो खुर्चीमागचा माणूस. आमच्याकडं गिऱ्हाईक समोर बसत नाही, पाठीशी उभं राहतं. खांद्यावरून बोट पडद्यावर टेकवतं, काचेवर ठसा उमटवतं आणि म्हणतं, "जरा डावीकडं. अजून. अजून. आता व्हतं तिथंच घ्या." लग्नपत्रिकेला तर नवरदेवाचे काका, मामा आणि आत्याचे यजमान असे तिघं तीन बाजूंनी उभे असतात, आणि नावांच्या क्रमावरून माझ्या डोक्यावर त्यांचं भांडण चालतं. इतकी वर्षं मी तंबाखूच्या वासात अक्षरं लावली आहेत. माझ्या मानेला कायमचा एक ताठरपणा आलाय. डॉक्टर म्हणतात कॉम्प्युटरमुळं. मला माहीत आहे कशामुळं.

यास्मीनच्या खुर्चीमागं आता भिंत आहे. तिनं फोटो पाठवला होता. म्हणून हे सगळं सांगितलं.

यास्मीन माझ्याकडं आली ती बी.ए. होऊन, मराठी टायपिंग शिकून. शिरूरच्या जुन्या घरातली. तिच्या अब्बांचं गादी-रजईचं दुकान होतं, कापूस पिंजायचं मशीन होतं. मशीनच्या आवाजात लहानाची मोठी झाली म्हणून की काय, तिला शांतता फार आवडायची. दुकानात गर्दी नसली की ती पंखासुद्धा बंद करायची.

तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे हे मला एका दशक्रियेच्या पत्रकाच्या वेळी कळलं. मांडवगणकडचं कुटुंब होतं, घरातल्या आजी गेल्या होत्या. त्यांचा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतला. आजी वाकून बुंदी वाढताहेत, चेहऱ्यावर पदराची सावली, मागं कुणाचं तरी कोपर. असे फोटो आम्हाला नेहमीच मिळतात, कारण बायकांचे एकटीचे फोटो कुणी काढत नाही. माझी रीत अशी होती, की चेहरा कापून घ्यायचा आणि तयार पातळाच्या फोटोवर बसवायचा. यास्मीननं तसं केलं नाही. तिनं त्यांच्या मुलाला विचारलं, "आजी पदर कसा घ्यायच्या?" मुलगा म्हणाला, "डोक्यावरनं. पर उजवा कान उघडा ठिवायची. दुसऱ्या कानानं ऐकू येत न्हवतं." तिनं उजवा कान उघडा ठेवून पदर केला. मुलगा पडद्याजवळ वाकला. "आई हीच," एवढंच म्हणाला.

मी तिचं कौतुक केलं, सगळ्यांसमोर केलं. आणि आतून जळले. इतक्या वर्षांत मी कुठल्याच गिऱ्हाइकाला असा प्रश्न विचारला नव्हता. हेव्याची सुरुवात तिथली आहे, बेट नंतर आलं.

दुकानाचं काम संपल्यावर यास्मीन स्वतःच्या लॅपटॉपवर परदेशातली कामं करायची. कॉफीच्या पुड्यांची वेष्टनं, मुरांब्याच्या बाटल्यांवरची लेबलं, होड्या भाड्यानं देणाऱ्यांच्या पाट्या. माणसं कधी भेटायची नाहीत. सगळा व्यवहार लिहून. त्यांतली एक बाई पाहुण्यांसाठी खोल्या चालवायची. तिनं यास्मीनला विचारलं, तुला कुठूनही काम करता येतं तर इथूनच का करत नाहीस? ती बाई होती मॉरिशसच्याही पलीकडं, रॉड्रिग्ज नावाच्या टिकलीएवढ्या बेटावर. आपलं काम आपल्याबरोबर घेऊन येणाऱ्या माणसाला तिथलं सरकार राहू देतं म्हणे. यास्मीनचे आई-वडील गेलेले, लग्न तिनं केलेलं नव्हतं, भाऊ हडपसरला आपल्या संसारात. तिला अडवणारं कुणी नव्हतं. मी होते, पण मी कोण?

चहा घेताना तिनं मला सांगितलं. मी विचारलं, "तिथं काय आहे?"

"काहीच न्हाई ताई," ती म्हणाली. "म्हणूनच चाललेय."

मी तोंडानं म्हटलं, "जा गं, जग बघून ये." मनात म्हटलं, हे मला का नाही सुचलं? मग माझं मलाच उत्तर मिळालं. घरात सासूबाई, नवरा रांजणगावला कंपनीत, तीन पाळ्यांत काम, त्यामुळं आमच्याकडं जेवायची वेळ अशी नसतेच. कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न. दुकानासमोर स्टँडचा भोंगा. गुरुवारी लाइट गेली की शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा जनरेटर माझ्या कानात. सुचायला जरा तरी निवांतपणा लागतो ना.

ती एका वर्षासाठी गेली आणि राहिलीच. फोटो येत राहिले. खिडकीशी टेबल, खिडकीबाहेर शेततळ्यासारखा गुळगुळीत समुद्र. दोरीवर वाळत घातलेले आठ पायांचे मासे. दुपारीच बंद झालेला बाजार. "ताई, इथं संध्याकाळनंतर काहीच मिळत न्हाई, लई अडचण होते," असं ती कुरकुरायची, आणि मला ती बढाई वाटायची. तिचा समुद्राचा फोटो मी दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला. रोज बघून त्रास होईल हे ठाऊक असूनही लावला. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "घोड धरण का वो ह्ये?" मी म्हटलं, "हो."

परदेशी कामं तिला भरपूर होती. तरी इकडची थोडी गिऱ्हाइकं तिनं धरून ठेवली. म्हणायची, "मराठी अक्षरं लावली न्हाईत तर हात गंजतो ताई." फ्लेक्स तिकडं तयार व्हायचा, फाइल यायची, छपाई कुठंही. शिरूरमधल्या एका नव्या हॉटेलाच्या उद्‌घाटनाची कमान त्या बेटावर तयार झाली, आणि मी ती समोर बसून बघितली. मला सगळ्यात जास्त लागलं ते मात्र निराळंच. माझ्या दुकानात तोंड मिटून बसणारी माणसं तिच्याशी फोनवर तास तास बोलायची. कुणाची सून नांदत नाही, कुणाला पुढच्या वेळी उभं राहायचंय, कुणाला गुपचूप पुण्यात डॉक्टरांना दाखवायचंय. एका पुढाऱ्याला मी सरळच विचारलं, "तिच्याशी एवढं बोलता, मग माझ्याशी का नाही?" तो म्हणाला, "बाई, तुमच्यापाशी बोललं की समोर स्टँड हाय. तिच्यापाशी बोललं की समोर नुसतं पाणी."

आता दादाबद्दल सांगायला हवं.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. माझं माहेर दौंडजवळ, भीमेच्या काठाला. यास्मीन अजून माझ्या दुकानात होती तेव्हा दादा गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल घेऊन उभा होता. त्याचे फ्लेक्स अर्थातच माझ्याकडं. आणि विरोधी पॅनलही माझ्याकडंच आलं, कारण दौंडात छापलं तर बातमी फुटते असं त्यांना वाटलं, आणि मी गिऱ्हाइकाचं बाहेर बोलत नाही हे गावाला ठाऊक होतं. मी काम घेतलं. या धंद्यात कुणी कुठल्याच बाजूचं काम नाकारत नाही. एका पॅनलचे फ्लेक्स आले की दुसऱ्याचे भिंतीकडं तोंड करून ठेवायचे, एवढाच नियम. गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकापाशी.

विरोधकांनी फोटो आणून दिले, त्यांत आमच्या चुलत्यांचा फोटो होता. आबांचा. आबा दादाच्या घरी रोज संध्याकाळी चहाला बसत. तोपर्यंत आबा फुटलेत हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत झालं, कारण त्यांचं डोकं माझ्या पडद्यावर होतं, इतरांच्या मापाचं. फ्लेक्स यास्मीननं तयार केला. तिलाही कळलं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि काम पुढं चालू ठेवलं.

सकाळी वेशीवर फ्लेक्स लागला आणि दादानं चुलत्याला विरोधकांच्या रांगेत हात जोडून उभं पाहिलं. निवडणूक हरला. मला फोन करून एवढंच म्हणाला, "तायडे, तुला म्हाईत हुतं." मी म्हटलं, "दादा, धंदा आहे." त्यानं फोन ठेवला. तो ठेवला तो ठेवलाच. पाच वर्षं झाली. आईच्या वर्षश्राद्धाला बोलावणं आलं नाही. नात झाली हे मला तिसऱ्याकडून कळलं. बारशालाही आवताण नव्हतं. नाव काय ठेवलं हे मी कुणाला विचारलं नाही, स्वतःच्या भावाच्या नातीचं नाव परक्याला काय विचारायचं? आजही मला वाटतं, दुकानदार म्हणून मी बरोबर होते. बहीण म्हणून काय होते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग माझ्या मुलीचं, प्राजक्ताचं लग्न ठरलं.

आमच्याकडं मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी भटजी पुकारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा भाचीला हाताला धरून आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. सख्खा मामा नसला तर चुलतमामा चालतो, मावसमामा चालतो. पण सगळा मांडव एकमेकांना विचारतो, सख्खा मामा न्हाई का आला? आणि प्राजक्ताला एकच सख्खा मामा. लहानपणी सुट्टीत त्याच्या खांद्यावर बसून तिनं अख्खी शेतं पाहिलीत. तिनं फक्त एकदा विचारलं, "मम्मी, मामाचं कसं करायचं?" मी म्हटलं, "बघू." आणि ते 'बघू' रोज सकाळी माझ्या छातीवर येऊन बसायचं.

तेवढ्यात दुसरा घाव बसला. पत्रिका मी करणार हे मी धरून चालले होते. हजारो लोकांच्या केल्या, मुलीची नाही करणार? तर प्राजक्ता म्हणाली, "मम्मी, पत्रिका यास्मीनदीदीकडनं करूया ना. तिचं डिझाइन जरा आजकालचं असतं." मी दळणाला जाते म्हणून बाहेर पडले आणि गिरणीत रिकाम्या हातानं जाऊन उभी राहिले. गिरणीवाल्यानं विचारलं, "ताई, डबा कुठाय?"

पण मुलीची हौस. यास्मीनला मजकूर सांगितला. दोन दिवसांनी तिचा फोन आला. पत्रिकेत शेवटी किलबिल म्हणून एक ओळ असते, घरातल्या लहान पोरांची नावं आणि खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' यास्मीन म्हणाली, "ताई, किलबिलमधे आरोहीचं नाव घालू ना? तिची ताई न्हाई, आत्या लागते प्राजू, पण चालतं."

मी विचारलं, "कोण आरोही?"

पलीकडं कीबोर्डचा आवाज थांबला. मग हळूच म्हणाली, "दादांची नात."

माझ्या दादाला ती दादा म्हणत होती. मी विचारत गेले आणि एकेक कळत गेलं. निवडणूक हरल्यावर दादानं तो फ्लेक्स डोक्यात घेतला, की असा फ्लेक्स करणारा माणूस आपल्याकडं पाहिजे. विरोधी पॅनलच्याच माणसाकडून त्यानं यास्मीनचा नंबर मिळवला. ती तेव्हा नुकतीच बेटावर पोचलेली. तेव्हापासून दादाचं सगळं तिच्याकडं. वाढदिवसाचे फ्लेक्स, पुढची निवडणूक, चेअरमन झाल्याचा फ्लेक्स, आईच्या वर्षश्राद्धाचं पत्रक, नातीच्या बारशाचं कार्ड. फ्लेक्स तिनं केला होता, राग माझ्यावर, आणि काम तिला! एवढंही चाललं असतं. पण त्यांचं बोलणं व्हायचं. आठवड्याला, कधी रोज. दादाचा गुडघा दुखतो हे तिला माहीत. वहिनीला चष्मा लागला हे तिला माहीत. माझ्या भावाचं अख्खं घर तिला माहीत, आणि मी भीमेच्या अलीकडं बसून त्याच्या नातीच्या नावाला महाग!

"आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?" मी ओरडले. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी ओरडले.

"ताई," ती म्हणाली, "आबा फुटलेत हे तुम्ही तरी दादांना कुठं सांगितलं होतं? गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकापाशी. मी तुमच्याच दुकानात शिकले."

मी फोन कट केला. खुर्चीमागचं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, तेवढा माझा फोटू जरा उजवीकडं घ्या."

माहेरचं बोलावणं फोनवर होत नसतं. आम्ही दोघं नवरा-बायको पत्रिका, हळदकुंकू आणि अक्षता घेऊन गाडीवरून दौंडकडं निघालो. वाटेत यांनी दोनदा विचारलं, काय बोलणार आहेस? मी काही ठरवलं नव्हतं. दादा गोठ्यात गाईंना वैरण टाकत होता. मला पाहून त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. वहिनी बाहेर आल्या, "या वन्सं," म्हणाल्या आणि पाणी आणायला पुन्हा आत गेल्या. त्या जरा वेळ बाहेरच आल्या नाहीत.

"यास्मीननं सांगितलं का?" दादानं विचारलं.

"काय सांगायचं? तिनं काहीच सांगितलं नाही."

"कायबी न्हाई?"

"परवा आरोहीचं नाव तेवढं सांगितलं."

दादा बाजेवर बसला. पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाला, "म्हंजी आईच्या वर्सश्राद्धाचं? तवा मी तिला म्हणलो हुतो, तायडी आली असती तर बरं झालं असतं. बारशाच्या टायमालाबी म्हणलो. ती तुझ्या दुकानातली पोरगी. मला वाटलं, तुला सांगत आसंल. तू आली न्हाईस. मी म्हणलं, हिचा राग जाईना."

"माझा राग? दादा, राग तुझा होता!"

"माझा दोन म्हयन्यात गेला हुता."

"मग मला फोन का नाही केलास? तिला तरी 'तायडीला सांग' असं का नाही म्हणालास?"

"आपण कशाला म्हणायचं?" तो म्हणाला. "माणसाला कळतं की."

माणसाला कळलं होतं. त्या माणसानं धंद्याचा नियम पाळला होता, आणि तो नियम माझाच होता. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. पाच वर्षं माझा भाऊ मला बोलावत होता, आणि ते बोलावणं दुसरीच्या कानात साठत होतं, समुद्राकाठी, निवांत, पंखा बंद करून.

मी पत्रिका पुढं केली. त्यानं मामाच्या ओळीत आपलं नाव वाचलं. तो काहीतरी बरं बोलेल म्हणून मी वाट बघत होते, तर त्याचा चेहरा कडक झाला. "म्हंजी तुला कायबी म्हाईत न्हवतं," तो म्हणाला. "आन् आता पोरीला मामा पायजे म्हणून आलीस." मी म्हटलं, "हो, पाहिजे. मलाही पाहिजे." त्यावर तो उठला, पेंढी उचलली आणि म्हणाला, "बघू. त्या दिवशी कारखान्याची मीटिंग हाय."

वहिनींनी माझी ओटी भरली. त्यांचे डोळे लाल होते.

लग्न शिक्रापूरच्या अलीकडं हायवेवरच्या कार्यालयात होतं. सकाळपासून मी पाहुण्यांशी हसत होते आणि माझा एक डोळा फाटकावर होता. वहिनी, भाचा, सून, कडेवर आरोही, सगळे आले. दादा नव्हता. वहिनींना विचारायचं धाडस झालं नाही. प्राजक्ता नटून आतल्या खोलीत बसलेली. तिनं मला पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि पुन्हा हातातल्या हिरव्या चुड्याकडं बघायला लागली. माझ्या चुलतभावाला फेटा बांधून तयार ठेवला होता. बाहेर ट्रकांच्या हॉर्नमधून भटजींचा माइक खरखरला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

चुलतभाऊ पुढं झाला. त्यानं तिचा हात धरायला हात लांब केला, आणि दारातून दादाचा आवाज आला, "थांब रं." फेटा डोक्यावर धड बसला नव्हता, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. शिक्रापूरच्या चौकात ट्रॅफिकला अडकला म्हणून गाडी सोडून चालत आला होता. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. प्राजक्ताचा हात धरला, "चल गं प्राजू," म्हणाला आणि तिला घेऊन गेला. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी ताठ उभा होता. मला अक्षता टाकायचंही भान राहिलं नाही, मुठीत घाम येऊन त्या तिथंच चिकटल्या.

संध्याकाळी पोरीची पाठवणी झाली. गाडी हायवेला लागली, दिसेनाशी झाली, माणसं पांगली. मी कार्यालयाच्या पायरीशी रडत उभी होते. दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्या अंतरावर. मला वाटलं, आता बोलेल. त्यानं घसा खाकरला. खिशातून फोन काढला, अंगठा दाबून तोंडाजवळ धरला आणि निरोप बोलायला लागला, चारचौघांत बोलतो तशा मोठ्या आवाजात.

"यास्मीन, झालं बघ लगीन. पोरीला मीच आणली बोहल्यावर. तायडी रडतीय हितं. लई वाळलीय गं ती. पाच वर्सं भाऊबीजेला माझा पाट रिकामाच ऱ्हायला. मी दुसऱ्या कुणाकडनं ववाळून घेतलं न्हाई, ह्ये तिला म्हाईत न्हाई. औंदा ती आली तर बरं हुईल. बाकी ठीक हाय. तू जेवलीस का?"

अंगठा उचलला. निरोप गेला. फोन खिशात ठेवून तो हायवेकडं बघत राहिला, जणू मी तिथं नव्हतेच.

निरोप माझा होता. मी हाताच्या अंतरावर उभी होते. आणि तो गेला समुद्रापलीकडं, तिच्या खिडकीत. यास्मीन तो मला कधी सांगणार नव्हती, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. आनंद नंतर आला. आधी आलं ते असं, की या पोरीचं तोंडही न बघता माझ्या भावानं तिला दिलं ते सगळं माझं होतं, आणि मला ते असं उष्टं मिळतंय.

मी पदरानं डोळे पुसले. "दादा," मी म्हटलं, "भाऊबीजेला मी येते."

त्यानं दचकून माझ्याकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

त्याच्या तोंडावर खरोखरच नवल होतं.

"यास्मीननं," मी म्हटलं.

"गुणाची पोरगी हाय," दादा म्हणाला.